आपोलोनियाची पट्टी

३ ऑक्टोबर १९३४
काझिमेरा, तुझा गुडघा कसा आहे? युओझसचा खोकला? यादविगाच्या तान्ह्याला दात आले का? वही भरली की तुलाच पाठवणार, म्हणून विचारपूस आधी.

मी सुखरूप पोचले. बिर्झायच्या फाट्यावर बार्बोरा स्वतः घोडागाडी घेऊन आली होती. तिच्या चार गाणाऱ्या बायकांतली आपोलोनिया उन्हाळ्यात वारली. तिच्या जागी मी, आणि राहायला घरही तिचंच. बिटाचं सार, काळा पाव पुढ्यात ठेवून बार्बोरा म्हणाली, खा बाई, फुंकर मारली तर उडशील, मग गाणार कोण?

७ ऑक्टोबर
जवसाच्या काड्या झोडताना गाणं असतं. दोघी एका पट्टीत, समोरच्या दोघी तिला खेटलेल्या दुसऱ्या पट्टीत, एकाच वेळी. सूर घंटांसारखे एकमेकांवर आदळायला हवेत. मला चर्चमधली खोड, समोरच्याच्या सुरात सूर मिळवायची. बार्बोरा म्हणाली, इथे मिळवून घेशील तर संपशील गं. सगळ्या हसल्या. मीही हसले.

१५ ऑक्टोबर
दुपारी कणीक मळताना गुणगुणत होते. भट्टीमागून कुणी बाई साथ देऊ लागली, शेजारच्या पट्टीत. तिथे कुणी नव्हतं. माझ्या जोडीच्या टेक्लेला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. तिने एवढंच विचारलं, की तू तुझा सूर सोडून तिचा धरलास का? नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला.

२१ ऑक्टोबर
ती रोज येते. मला माझ्या सुरावरून रेटते. जन्मभर मी मिळवूनच घेतलं, नवऱ्याशी, सासूशी, दिरांशी. त्यालाच लोक गुणी म्हणायचे. बार्बोराने चार गावांत चौकशी करून मलाच का आणलं, ते आता कळतंय. तिने माझा गळा पाहिलाच नव्हता. स्वभाव पाहिला.

२४ ऑक्टोबर
आज खळ्यात, सगळ्यांसमोर, ती माझ्या पाठीशी आली. मी दमले होते. सोडला सूर.
बरं वाटलं, हेच वाईट.
तिघी रडल्या. बार्बोराने मला कवटाळलं, म्हणाली, किती वाट पाहायला लावलीस गं, आपोलोने.

२६ ऑक्टोबर
पाव डाव्या हाताने कापला. मी तर उजव्या हाताची. तोंड उघडलं की तिचा आवाज— आणि भट्टीमागे कुणीतरी बारीक गातंय, माझ्या पट्टीत. ती मी—

२७ ऑक्टोबर
काझिमेरा, लिहिणारा हात अजून माझा आहे. वही भरली नाही, तरी आजच पाठवतेय. लवकर उत्तर लिही. पत्रात मला एमिलिया म्हण, ओळीओळीत म्हण. उशीर केलास तर पत्र फोडणारी—