लिंबूसत्व आणि कवच

३ फेब्रु., मंगळवार
आजही काळोख. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी आहेत, गोल, टपोऱ्या, पण अंगावर कवच नाही. ध्रुवित प्रकाशात कवचाच्या चकत्या चमकायला हव्यात, कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याचे, स्फटिक ते. डिसेंबरपर्यंत चमकत होत्या. समुद्र इथून पन्नास-साठ कोस, आणि मी बारामतीत मीठ कालवून समुद्री शेवाळ वाढवतेय. चव्वेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करायला कोणी सांगितलं होतं?

५ फेब्रु., गुरुवार
पुण्याहून गाइड मॅडमचा फोन. प्रयोगशाळेत फार दिवस राहिल्या की काही पेशी कवच करणं सोडतात म्हणे. "टाकून दे सगळं, विषय बदल." मुदत जूनपर्यंत. विषय बदलून जूनपर्यंत काय करू, डोंबल?
रज्जाकभाई, आमच्या कॉलेजच्या लॅबचे अटेंडंट, एकोणीस वर्षं कंत्राटावरच. म्हणाले, "ताई, एवढंसं जित्राब, कवच करतं तरी कसं?" सांगितलं. पेशीच्या पोटात एक पिशवी. पाण्यातला चुना ओढून तिथं स्फटिकाला स्फटिक जोडत चकती घडवायची, पुरी झाली की बाहेर ढकलायची. चकत्या एकमेकींत अडकल्या की झालं चिलखत.
"आन् न्हाय केलं तर?"
जगतात तशाही. माझंच अडतं.

६ फेब्रु.
पेशींच्या नऊपैकी आठ फ्लास्क ब्लीच घालून ओतले. नववा ठेवला. मॅडमना कळवलं, सगळे टाकले. का ठेवला, माहीत नाही.

८ फेब्रु., रविवार
भवानीनगर, घरी. ह्यांनी (साखर कारखान्यात केमिस्ट, घरीही केमिस्टच) गीझरची कॉइल गरम पाणी आणि लिंबूसत्वात बुडवली. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर फसफसत गेला. मी बघतच राहिले.
डिसेंबरात काचपट्ट्यांवर असाच थर धरायला लागला होता. ह्यांचीच युक्ती मी रज्जाकभाईंना सांगितली. लिंबूसत्वाची पुडी मीच नेली. वर बजावलं, नंतर बोअरचं पाणी लावू नका, पुन्हा डाग पडतील. ते बिचारे तसेच कोरड्या फडक्यानं लखलखीत पुसत होते. डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, हे सांगायचं मी विसरले. तो थर कॅल्साइट, कवचही कॅल्साइट. पट्टीवर उरलेल्या आम्लाला काय कळतंय, कुठलं खायचं आणि कुठलं नाही.
हे म्हणाले, "काय झालं गं? भाजी करपतीय."
काही नाही म्हटलं.

९ फेब्रु., सोमवार
सकाळी पावणेआठलाच लॅबमध्ये. उसाच्या ट्रॉल्यांमागं अर्धा तास गेला. नव्या पेटीतली काचपट्टी, नवव्या फ्लास्कचा थेंब. चमकल्या. पेशी न् पेशी चकत्यांनी भरलेली. रडूच आलं. आधी आनंदानं, मग त्या आठांसाठी.
रज्जाकभाईंनी डोळा लावला. मी त्यांना पट्ट्यांवर राहिलेल्या आम्लाचं सांगितलं. मग, "म्हंजे माझ्या फडक्यानं व्हय, ताई?"
मी काहीतरी पुटपुटले. काय ते आठवत नाही. आठवायचं नाहीये.

११ फेब्रु.
मॅडमना फोन. नववा फ्लास्क ठेवल्याचं आणि काचपट्ट्यांचं सांगितलं.
"कोण धुतं त्या?"
"अटेंडंट."
एवढंच बोलले. खोटं तर नाही ना? त्यावर मॅडम, "मग तसं लेखी दे. तुझी चूक नाही म्हणून मुदतवाढ मागता येईल. सोमवारपर्यंत पाठव." म्हणजे आठ फ्लास्क पुन्हा वाढवता येतील. पदवी वाचेल. आणि मार्चअखेर रज्जाकभाईंचं कंत्राट प्राचार्य नव्यानं करतात. माझं पत्रही त्यांच्याच सहीनं जाणार.


१३ फेब्रु., शुक्रवार
पत्र तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. चौथं टेबलावर आहे, 'यांच्या निष्काळजीपणामुळे' च्या आधीची जागा कोरी सोडून.
दुपारी रज्जाकभाई समोरच्या स्टुलावर बसले. पत्र वाचलं असणार, तिथंच तर पडलं होतं. "ताई, माझं नाव घाला. मला आता ह्या वयात कोण इचारतंय. तुमचं शिक्षण पुरं व्हाया पायजे."
पुडी कोणी आणली, पाणी लावू नका कोणी म्हटलं, त्यांना सगळं आठवतं. माझ्याहून चांगलं आठवतं. त्यातलं एक अक्षर ते बोलले नाहीत.
मी नको म्हणाले नाही. उठून त्यांनीच चहा आणला, दोन कप. मी प्यायले.