मागचा डावा दरवाजा

बाबा,

मी तुमचा थोरला मुलगा, वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने लेखापरीक्षक. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या दरवाजाचे कुलूप का बिघडले होते, ते तुम्हाला कळवावे एवढ्यासाठीच लिहीत आहे. ही गाडी तुम्ही पाहिलेली नाही. हिची चारही कुलपे चालकाजवळच्या एका बटणावर उघडतात; मागचे डावे मात्र मनात आले तरच. गेल्या रविवारी ऐन मिस्साच्या वेळी ते उघडले नाही. आई त्याच बाजूला बसते. तिची बोटे आता आखडली आहेत, आतली बारीक कळ तिला ओढता येत नाही. मी उजवीकडून आत शिरून ती ओढेपर्यंत आई काचेवर टकटक करत राहिली आणि चर्चच्या पायऱ्यांवरची माणसे वळून पाहू लागली. घरी आल्यावर म्हणाली, "मी आता घरीच रोझरी म्हणेन. त्या डब्यात मला परत कोंडू नकोस." तापातही मिस्सा न चुकवणारी बाई असे बोलली, म्हणजे काय झाले असेल ते तुम्हाला सांगायला नको.

गॅरेजवाल्याने हात न लावताच निदान केले, "कुलपाची मोटर गेली, काका. नवीन टाकू." तेव्हा मला आपल्या वाडीतला पंप आठवला. मी कॉलेजात आहे, पंप बंद पडला आहे, केळी पाण्यासाठी खोळंबली आहेत. मी स्विच बदलतो, फ्यूजची तार बदलतो, मोटरचे स्क्रू आवळतो. पंप चालू होतो आणि मी छाती काढून उभा राहतो. तुम्ही म्हणता, "चालला. पण कळलं का?" आणि पंप बंद करून, मी केलेले सगळे पूर्ववत करून, एकेक गोष्ट पुन्हा करायला लावता. दोष एका सैल स्क्रूचा होता. तो सापडल्यावर तुम्ही "कळलं तर!" एवढेच म्हणालात आणि पाणी सोडायला निघून गेलात. याहून मोठी शाबासकी आपल्या घरात कोणाला मिळाल्याचे मला स्मरत नाही.

काल मी त्याच क्रमाने गेलो. बाकीची तीन कुलपे चालतात, म्हणजे फ्यूज शाबूत. दरवाजाचे आतले आवरण काढून मोटरला बॅटरीवरून थेट वीज दिली. ती खट्कन हलली. तुमचा नातू, जो स्वतः नोकरीला लागला आहे, म्हणाला, "झाली की चालू, पप्पा! आवरा आता."

"मोटर चांगली आहे एवढेच कळले. बिघाड कुठे कळला?"

"आजोबा तुमच्या अंगात येतात की काय?"

दरवाजा आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये एक रबरी नळी असते, तिच्यातून तारा जातात. मोटरकडच्या तारेला टेस्ट लॅम्प जोडला आणि मुलाला बटण दाबायला सांगून मी ती नळी वाकवत गेलो. एका बाजूला वाकवली की दिवा चमके. सोडली की नाही. वरचे प्लास्टिक अखंड होते, आतले तांबे उघडझाप सोसून तुटलेले. तेवढा तुकडा कापून नवी तार जोडली, सोल्डर केली.

आज सकाळी आई गाडीत बसली, पण निघू देईना. "उघड. लाव. परत उघड." बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुझ्या बाबांनी अजून दहादा करायला लावलं असतं. चल, उशीर होतोय."

परत आल्यावर बटण दाबले. आई आपली आपण उतरली आणि घरात गेली. मी दरवाजावर हात ठेवून, जवळ कोणी नाही याची खात्री करून, तुमच्या आवाजात म्हणालो, "कळलं तर!"

आतून आईने विचारले, "कोणाशी बोलतोस रे?"

"कोणाशी नाही," असे मी सांगितले. ते खरे नव्हते.

तुमचा,
थोरला
वसई, रविवार दुपार