चॉकलेटला शाईचा वास

सोमवार, ६ ऑक्टोबर

चॉकलेटला आज पुन्हा वास. रॉकेलसारखा, जिभेच्या मुळाशी बसणारा. लामजेद म्हणतो नाही, सलवा म्हणते नाही. म्हणजे मी एकटीच वेडी!

छापलेली लेबलं आणि किसलेलं चॉकलेट एका बरणीत दोन दिवस बंद ठेवायचं, मग तिघांनी चाखायचं. आमच्या छापखान्यात युरोपात जाणाऱ्या खजुरांची लेबलं छापतात, तेव्हा हे आलंच. लेबल खजुराला टेकत नाही, पण शाई पातळ वेष्टनातून आत उतरू शकते, आणि अन्नाची चवसुद्धा बिघडता कामा नये असा तिकडचा कायदा. म्हणून न झिरपणारी महागडी शाई. ती आणतो कोण? माझा धाकटा भाऊ, लामजेद.

बुधवार, ८ ऑक्टोबर

महागड्या शाईच्या डब्यांची सीलं फोडलेली. "रंग जुळवून बघितला, ताई" — मी विचारायच्या आधीच उत्तर तयार! चोराच्या मनात चांदणं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

मागच्या खोलीतली जुनी, साधी शाई गायब. सलवा इतकी वर्षं आमची लेबलं गुंडाळते, तिला ठाऊक असणारच. "भंगारवाला घेऊन गेला." कोणता? "मला काय माहीत, लामजेदभाईंना विचारा." पाणी कुठेतरी मुरतंय.

शनिवार, ११ ऑक्टोबर

कुसकुस खाताना लामजेद सगळ्यांसमोर म्हणाला, "आमच्या ताईला नाक नाही, जकात नाका आहे. काही सुटत नाही." कामगार हसले. मीही हसले. आतून मात्र पेटले होते. बाबा गेल्यावर हा छापखाना मी उभा ठेवला; हा तेव्हा स्फाक्सच्या बंदरावर मासे पकडत बसायचा. किबिलीच्या खजुरांचं काम गेलं तर दोन्ही घरांच्या चुली विझतील. त्याला कळत नाही, की कळून सवरून करतोय?

मंगळवार, १४ ऑक्टोबर

लामजेद हल्ली फोन गच्चीवर जाऊन घेतो. मी वर गेले तर बंद केला.

"गोंदवाल्याचा होता. आता म्हणे लेबलाचा गोंदही डब्यावरून धुऊन निघाला पाहिजे, नाहीतर डबा पुन्हा वापरात येत नाही. उद्या हे युरोपवाले आपली आंघोळही तपासतील."

मला गोंदाच्या गोष्टी सांगतोय.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

ट्युनिसच्या प्रयोगशाळेचा निकाल आला. शाई चांगली, काहीही झिरपत नाही.

नमुने घेऊन गेला कोण? लामजेद! नमुने एका शाईचे, छपाई दुसऱ्या शाईची — एवढं न कळण्याइतकी मी भोळी नाही. परत चाखलं. वास वाढलाय.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

केला फोन. किबिलीच्या खजूरवाल्या मोंजीसाहेबांना. भावाचं नाव घेतलं नाही, आमच्या शाईची खात्री वाटत नाही एवढंच म्हणाले. आपलेच दात, आपलेच ओठ. पण ते खजूर लहान मुलं खातात.

"बरं केलंस, पोरी," ते म्हणाले. "जर्मनांनी माल परत धाडला असता तर मी उठलो असतो बाजारातून." हे मी सांगितलं असं कोणाला कळू देऊ नका, अशी विनंती केली. लाज वाटली.

शनिवार, १८ ऑक्टोबर

मोंजीसाहेबांनी काम काढून घेतलं. यंत्र थंड. लामजेद त्याच्यापाशी बसून राहिला, जेवला नाही. "कोणीतरी आपल्या वाईटावर आहे, ताई."

नाटक छान करतो.

रविवार, १९ ऑक्टोबर

आईकडे. तिनं नेहमीसारखं कॉफीत संत्र्याच्या फुलांचं पाणी घातलं. तोच वास. मग पावाला. मग नळाच्या पाण्यालाही! आईनं माझाच कप उचलून घोट घेतला. "काही नाही गं, छान झालीय."



सोमवार, २० ऑक्टोबर

लामजेदला फक्त वासाचं सांगितलं. घाबरला बिचारा. उद्या सगळं सोडून मला डॉक्टरांकडे नेतोय. मोंजीसाहेबांचे कान कोणी भरले असतील, हे निघताना मलाच विचारत होता.