तीन सेकंद

पुणे, शनिवार

प्रिय उज्वलाताई,

दाजी गेल्यावर तुडीलला त्यांच्या पुण्यानुमोदनाला आलो, तेव्हा पोलादपूरहून आलेल्या आईच्या आड बसून राहिलो. तुला वाटलं असेल, विनीत रडू आवरतोय.

दाजी कामाला होते त्या बिरवाडीजवळच्या कारखान्यात वायुगळती दाखवणारं पॅनल बसवलं, त्याचा प्रोग्राम मी लिहिला, हे तुला ठाऊकच आहे. दाजी सगळ्यांना सांगायचे, "माझ्या मेव्हण्याचं काम हाय, चुकायचं नाय."

चुकलं, ताई. पॅनल दर सेकंदाला सेन्सरला विचारतं, मोजून झालं का? हवा स्वच्छ असली की सेन्सर लगेच उत्तर देतो. वायू जाणवला की खात्रीसाठी पुन्हा मोजतो, त्याला तीन सेकंद लागतात. सुरू झालेलं मोजमाप सांभाळून ठेवायचं आणि पुढच्या सेकंदाला त्याचीच चौकशी करायची, एवढंच मला लिहायचं होतं. मी काय लिहिलं? दर विचारणेला अर्धवट मोजमाप टाकून द्यायचं आणि नवं सुरू करायचं. तीन सेकंद कधी भरलेच नाहीत. 'अजून नाही' असं उत्तर आलं तर पॅनलवर जुनाच आकडा राहू द्यायचा, हेही मीच ठरवलेलं. चाचणी टेबलावर केली, स्वच्छ हवेत. सगळं सुरळीत चाललं.

त्या दुपारी पॅनलवर शून्य होतं, हिरवा दिवा होता. दाजी सोबतच्या रामजीला म्हणाले, "तू थांब हितंच, झडप मी बघून येतो," आणि मास्क न लावता आत गेले. रामजीनं हे मला फोनवर सांगितलं. चूक मला चौथ्या दिवशी सापडली. दुरुस्तीला चार ओळी पुरल्या. आणखी दोन कारखान्यांत तोच प्रोग्राम होता, तिथला त्याच दिवशी बदलला. तुला मात्र काही बोललो नाही.

काल चौकशीचा अहवाल आला. त्यात कारण दिलंय, 'मृत कामगाराचा निष्काळजीपणा'. आमच्या कंपनीचे वकील म्हणतात, गप्प राहा. सोमवारी महाडला पोलिसांपुढे माझा जबाब आहे. खरं सांगायचं ठरवलंय, पण मी किती भित्रा आहे ते तुझ्याइतकं कोणाला माहीत? म्हणून हे माझ्या अक्षरात, सहीनिशी लिहून पाठवतोय. मी तिथं शब्द फिरवला, तर हा कागद तू त्यांच्यापुढे ठेव. माझा विचार करू नकोस.

तुझाच,
विनीत