रूपर्टच्या घरचं लग्न

३ मे, पळसदरी
रूपर्ट एकटाच जाणार. त्याच्या देशात राजघराण्यातलं लग्न, आमंत्रण फक्त त्याच्या नावाचं — जेवताना सांगितलं, ताटाकडे बघत. त्याची आजी जुन्या राजाची चुलत बहीण. तिकडे दूरच्या नातेवाइकांच्या बायकांना बोलावत नाहीत म्हणे. रीत आहे.
रीत! मला शिकवतोय. माझ्या आजीला याच तालुक्यात विहिरीवर चढू देत नव्हते, तीही रीतच होती.

४ मे
ट्रेकला आला नि पाय मोडून कर्जतच्या दवाखान्यात पडला, तेव्हा मी तिथे नर्स. पडल्या पडल्या घरच्यांना शिव्या घालायचा. नुसते किताब, कुत्री नि घोडे, माणसाशी बोलायला कुणाला वेळ नाही — असं काय काय. आमच्या विहारात पांढरा सदरा घालून लग्नाला उभा राहिला. आईच्या हातची सुकट-भाकरी खाऊन म्हणाला, "माझं घर आता हेच."
आज आरशासमोर टायची गाठ मारून बघत होता. चार वेळा सोडली, चार वेळा बांधली. बहिणीला फोनवर सांगत होता, घरी येतोय.
घरी.

७ मे
गेला. विमानतळावर पोचवायला गेले नाही.

११ मे
आईकडे रत्नदीपच्या फोनवर लग्न पाहिलं. भाऊच तो, त्याला कौतुक — "ताई, भावजी बघ!" चर्चच्या पायऱ्यांवर रूपर्ट, कुणा म्हाताऱ्या बाईचा हात धरून हसत होता. इथे इतका मोकळा हसलेला मला आठवत नाही.
आईने फोन हातात घेऊन जवळून पाहिला. मग हळूच म्हणाली, "तिथं पन आपल्याला दाराभायेरच ठेवतात काय गं?"
हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? येताना रस्ताभर त्या अख्ख्या घराण्याला मनात शिव्या दिल्या. रूपर्टला नाही दिल्या. त्यांच्यापुढे त्याचं तरी काय चालणार.

१२ मे
त्याच्या बहिणीचा फोन. मला पहिल्यांदाच. तब्येत कशी आहे, विचारत होती. म्हणाली, आमंत्रण दोघांना होतं. माझ्यासाठी साडीवर घालायची शालसुद्धा आणून ठेवली होती तिने. रूपर्टने त्यांना सांगितलं होतं, उज्वला कायम आजारी, प्रवास झेपत नाही.
मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. आताच ड्युटीवरून आले.