वलगावात एक महिना डेन्मार्क

३१ मार्च, सोमवार

अर्धा पगार! कमाईतला जवळजवळ अर्धा पगार सरकारला देऊन बसतो आमचा चंदन, आणि वर हसतो! म्हणे, "बाबा, जाते त परत बी येते ना." काय परत येतं? तर दवाखाना फुकट, कॉलेज फुकट, वर्षाला पाच आठवडे पगारी सुट्टी, म्हाताऱ्या माणसाला पेन्शन. आणि साधी चहाची पुडी घ्या, तिच्यावर पंचवीस टक्के कर! मी म्हटलं, इकडे आम्ही दवाखान्यात जातच नाही, म्हणजे त्याहून फुकट. त्यावरही हसला.

पाच वर्षं झाली त्याला डेन्मार्कला. पवनचक्क्यांच्या कंपनीत आहे. आता तिथे घर घ्यायचं म्हणतो. कागद तयार, तीस एप्रिलच्या आत सही करायची. सही झाली की संपलं — मग वलगावला तो पाहुणा म्हणूनच येणार. मी नांदगाव पेठेतल्या एका कापड कंपनीच्या साहेबांशी त्याच्या नोकरीचं बोलून ठेवलंय. त्या विषयावर हा येतच नाही. "आई अजून चारलेच उठते का?" हेच विचारत बसतो. मी कराचं बोलतो, हा आईचं.

शेवटी मी म्हटलं, असला कारभार महिनाभरात बुडतो. घरात चालवून दाखवतो! बुडाला तर तू परत यायचं. तो हसला. हसला म्हणजे कबूलच की.

आज ईद. माझ्या फुलांच्या दुकानाशेजारचा बशीर बांगडीवाला शीरखुर्मा घेऊन आला. त्याला सगळं सांगितलं. "मंजे भाई, घरात तुमीच सरकार?" म्हणाला. "मंग आजवर कोन होतं?"

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी बायकोला, म्हणजे बेबीला, आणि माझ्या मायला बसवून जाहीर केलं — आजपासून तीस तारखेपर्यंत हे घर डेन्मार्क. सरकार मी. प्रजा त्या दोघी. कर चाळीस टक्के. अर्धा लावणार होतो, पण पहिल्याच दिवशी लोकांना दुखवू नये.

बेबी झेंडूचा हार ओवत होती. हात न थांबवता म्हणाली, "मंजे साठ टक्के माह्यापाशी राहीन?"

हो, म्हटलं.

"आजवर त शंभरच्या शंभर तुमच्या खिशात जात होते. मंजूर हाये मले."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वावरातली फुलं ती तोडते, हार ती करते, मी अमरावतीला देवीच्या रस्त्यावर दुकानात बसून विकतो आणि पैसे माझ्याकडे राहतात. तीस वर्षं असंच चाललंय. यात कर कुठे आला? पण बेबी म्हणते, आला.

म्हणजे पहिल्याच दिवशी सरकार तोट्यात. उत्तम सुरुवात. बुडणार!

३ एप्रिल, गुरुवार

तिकडे आठवड्याचं काम सदतीस तास. नियम म्हणजे नियम. मंगळवारपासून बेबीचे तास लिहून ठेवतोय. मंगळवारी पंधरा. बुधवारी पंधरा. आज सकाळी अकरा वाजता सदतीस भरले. बेरीज चुकली असेल म्हणून पुन्हा केली. तेच आलं.

"झालं?" बेबीने विचारलं. झालं, म्हटलं. तिने सुईदोरा बाजूला ठेवला, कूलरसमोर चटई टाकली आणि झोपली. दिवसाढवळ्या! लग्न झाल्यापासून तिला दुपारी झोपलेली मी पाहिली नव्हती. एकदा टायफॉइड झाला होता तेवढं सोडून.

मी तसाच उभा. अर्धवट हार कोण पुरे करणार?

५ एप्रिल, शनिवार

मी! मीच करतोय! उद्या रामनवमी आणि कामगार सुट्टीवर! पहाटे चारला वावरात गेलो. झेंडू तोडायला वाकलो तो वाकलेलाच राहिलो. तीन तासांत अकरा हार. त्यातले दोन इतके आखूड की कुठल्याच देवाच्या गळ्यात जाणार नाहीत. माय म्हणाली, "मारुतीच्या शेपटीले बांध."

६ एप्रिल, रविवार

दहा वाजताच फुलं संपली. गिऱ्हाइकं ओरडून गेली. चंदनला फोन करून कळवलं — अर्थव्यवस्था कोसळली.

"आई काय करून राह्यली?"

बसून टरबूज खाऊन राहिली, म्हटलं.

"बसून?" म्हणाला. मग पुन्हा तेच विचारलं, "आई? बसून?" घाबरला असेल.

८ एप्रिल, मंगळवार

मायसमोर माझ्याच तोंडून निघून गेलं की तिकडे सदुसष्टाव्या वर्षी पेन्शन सुरू होते. मायचं वय चौऱ्यांशी. नातवाच्या पिढीला जे जमत नाही ते तिने बोटांवर केलं. सतरा वर्षांची पेन्शन बाकी!

पैसे नको म्हणते. टीव्हीचा रिमोट पाहिजे. "सतरा साल तुह्यापायी बातम्याच पाह्यल्या म्या. आता सतरा साल माह्या सिरिअली." म्हणजे ती एकशे एक वर्षांची होईस्तोवर! अपील करावं म्हटलं तर कुणाकडे करणार? सरकार मीच.

१० एप्रिल, गुरुवार

आजचं लिहायलाच पाहिजे.

चंदन म्हणतो, तिकडे शेतकरी रस्त्याच्या कडेला भाजी ठेवून निघून जातात. शेजारी डबा. लोक भाजी घेतात, पैसे टाकतात, पाहणारं कुणी नाही. म्हटलं, यातच कारभार बुडतो. आपल्याकडे डबा जाईल, टेबलासकट!

दुकानाच्या थोडं पुढे टेबल मांडलं. त्यावर नवं लाल कापड, हारांची रास, झाकणाला फट पाडलेला स्टीलचा डबा. पाटी लिहिली — "विश्वास ठेवा. पैसे डब्यात टाका." आणि बशीरभाईच्या दुकानात बांगड्यांच्या खोक्यांमागे लपून बसलो.

पहिली बाई आली. थांबली. पाटी वाचली. चपला काढल्या! टेबलाला हात जोडले, दहाची नोट डब्यात टाकली, माझ्याच राशीतला एक हार उचलला आणि डब्याला घातला. तिचं पाहून मागच्या दोघांनी तेच केलं. अकरापर्यंत डब्याला कुंकू लागलं. बारा वाजता एकाने समोर नारळ फोडला. मी धावत गेलो, म्हटलं अहो, हे दुकान आहे! तो म्हणाला, "काका, लाईनीत या."

बशीरभाई इतका हसला की त्याच्या हातून दोन डझन बांगड्या फुटल्या. "भाई, हे त डेन्मार्कवाल्यायले बी नायी जमलं!"

चोरी शून्य. कमाई रोजच्या दुप्पट. माणसं बुडूच देत नाहीत.

पैसे खिशात घालायचं धाडस झालं नाही. बशीरभाई म्हणाला, "पब्लिकनं देल्ले त पब्लिकवर खर्च करा. तिकळे तसंच करतात ना?" घरी बेबीला सांगितलं. ती म्हणाली, "माहे गुडघे बी पब्लिकच हायेत."

११ एप्रिल, शुक्रवार

टेबल हलवता येत नाही. सकाळी पाहिलं तर कुणीतरी दिवा लावून गेलंय. मंगळवारची आरती ठरली म्हणतात.

१५ एप्रिल, मंगळवार

तिकडे मोठ्या डॉक्टरकडे जायचं तर महिना-दोन महिने थांबावं लागतं, हेही चंदननेच सांगितलेलं. म्हटलं, आता सापडलं! बेबीला सांगितलं, गुडघ्यांसाठी नंबर लाव आणि थांब.

"तीन साल झाले नंबर लावला त. तुमी पाह्यलाच नायी."

अमरावतीला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, उकिडवं बसणं बंद, मांडी घालून हार करणं बंद, नाहीतर दोन वर्षांत चालणं बंद. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इतके दिवस काय करत होते तुम्ही?" मी म्हटलं, सरकार आताच आलं साहेब. त्यांना काही कळलं नाही.

रस्त्याने तिच्या पुढे चालायची माझी सवय. आज फाईल धरून मागे राहिलो तेव्हा दिसलं, ती कशी चालते ते. भिंत असली की भिंतीला हात लावते. नसली की कमरेला. फार वाईट वाटलं. तीन वर्षं ती अशीच माझ्या मागून येत होती.

डब्यातल्या पैशांतून उंच टेबल आणि खुर्ची घेतली. तोडणीला दोन बाया लावल्या. त्याही आता सदतीस तास मागतात. बेबीनेच शिकवलं असणार.

१८ एप्रिल, शुक्रवार

बेबीने सुट्टी मागितली! पाच आठवड्यांतले आठ दिवस, पगारी. कुठे जाणार? तर अकोल्याला, बहिणीकडे, सीमाकडे. पारा त्रेचाळीसवर! लोक उन्हाळ्यात चिखलदऱ्याला जातात, ही अकोल्याला! मी म्हटलं, तिथे हवा तरी आहे का?

"हवा कोनाले पाह्यजे? मले सीमासंगं बोलाचं हाये."

लग्नं झाल्यापासून दोघी बहिणी सलग दोन दिवस एकत्र राहिल्या नाहीत म्हणे. आठवून पाहिलं. खरं आहे. उद्या सकाळच्या बसने जातेय.

२१ एप्रिल, सोमवार

भाकर केली. मायने ती उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "हा डेन्मार्कचा नकाशा हाये का?" बशीरभाईच्या घरून अकीलाभाभीने वांग्याची भाजी आणि पोळ्या पाठवल्या म्हणून जेवलो. याला काय म्हणायचं? परदेशी मदत.

बेबी अकोल्याहून रोज चंदनशी बोलते. एक-एक तास! आधी हात फुलांत असायचे, फोन टोपलीत. "जेवला का? बरा हायेस ना? ठेव मंग." दोन मिनिटांत संपायचं. आता काय बोलतात कोण जाणे. सीमा म्हणत होती, बेबी इतकी हसते की शेजारीण विचारायला आली.

मी चंदनला निरोप पाठवला — घर उद्ध्वस्त. आई घर सोडून गेली. त्याने नुसता अंगठा पाठवला.

बशीरभाईला ऐकवलं. तो म्हणाला, "भाई, हुकूमत बी तुमची अन् बगावत बी तुमचीच. मंग जिंकन कोन?"

२३ एप्रिल, बुधवार

खरं लिहितो. कराशी मला काही घेणंदेणं नाही. तिकडे अर्धा घेवोत की सगळा. मला पोरगा पाहिजे. त्याचा फोन आला की मी भांडण काढतो, कारण भांडण असलं की तो लवकर ठेवत नाही. बाकी काय बोलायचं ते मला येतच नाही. त्याला तीन वर्षांत डोळ्यांनी पाहिलेलं नाही. फोनवर दिसतो त्याला काय पाहणं म्हणतात?

सात दिवस राहिले.

२७ एप्रिल, रविवार

बेबी आली. अकोल्याच्या उन्हात राहून माणूस ताजंतवानं होऊन येतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. घराच्या तिन्ही पायऱ्या भिंतीला हात न लावता चढली. मला इतकं बरं वाटलं की क्षणभर विसरलोच, मी कोणत्या बाजूचा आहे ते.

२८ एप्रिल, सोमवार

मतदान घेतलं. डेन्मार्क ठेवायचं की मोडायचं? ठेवायचं — दोन. मोडायचं — एक. चिठ्ठ्या गुप्त होत्या, तरी मायने मला विचारलं, "तू काहून मोडतं रे?"

२९ एप्रिल, मंगळवार

टेबलापुढे आरती झाली. प्रसाद मलाच वाटायला लावला.

काहीच बुडालं नाही. तरी उद्या चंदनला सांगणार — बुडालं. तू कबूल केलं होतंस, परत ये. नांदगाव पेठेच्या साहेबांना आजच फोन केला, जागा अजून आहे म्हणाले. खोटं बोलणार आहे. बोलू दे. पोरासाठी बोलतोय.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. मी फोन करायच्या आत त्याचाच आला. "बाबा, मुहूर्तावर सही केली. खरं सांगू का? आईसाठी मी परतच येनार होतो. राजीनामा लिहून ठेवला होता. पन या महिन्यात तिचं हसनं आयकलं, तिच्या गुडघ्याचं तुमी पाह्यलं — मले आता काहीच काळजी नायी राह्यली. आता राहू शकतो मी इकळे."

मी म्हटलं, बरं केलंस.

बेबी शेजारीच उभी होती. फोन बंद झाल्यावर म्हणाली, "मले सांगाचं ना कोनी. म्या सुट्टी घेतलीच नसती."