'नाही' दाबणारी माणसं

प्रिय छोट्या,

हुद्दा कितीही वाढला तरी घरात तू छोट्याच, त्यामुळे 'साहेब' लिहायचे कष्ट घेत नाही. तुमच्या कंपनीचं परिपत्रक माझ्यासारख्या जुन्या भाषांतरकारांनाही आलं. संगणक चालवणाऱ्या तुमच्या त्या प्रणालीच्या पुढच्या आवृत्तीतून सतरा भाषा 'निवृत्त' होणार, त्यात आपली नववी. कारण काय, तर वापरणारे एकूण चारशे बारा. खाली तुझी सही. यातून म्हणे ग्राहकांना 'अधिक सुसंगत अनुभव' मिळणार आहे. एवढं गुळगुळीत वाक्य जमवायला किती बैठका घेतल्यात रे? चहा तरी बरा होता का? चारशे बारा माणसं तर आपल्या दुकानासमोरच्या दोन गल्ल्यांत निघतील.

हे सगळं भाषांतर आपण दोघांनी आईच्या शिलाईच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर बसून केलं, हे तुझ्या काचेच्या खोलीत कधी कुणाला सांगितलंस? प्रत्येक वाक्य आधी आईला वाचून दाखवायचं. ती मशीन चालवता चालवता ऐकायची. पाय चालू राहिला तर वाक्य पास, थांबला तर खोडायचं. तू वैतागायचास, पण खोडायचास. एक दिवस 'आम्हाला सुधारण्यासाठी मदत करा' या वाक्याला पाय थांबला. कसली मदत, तिने विचारलं. तुम्ही काय काय वापरता ते यंत्र कंपनीला कळवतं आणि त्यावरून माणसं मोजली जातात, असं तू समजावलंस. मग तसंच लिही की सरळ, असं ती म्हणाली. तू लिहिलंस, 'तुम्ही काय वापरता ते कंपनीला कळवू का?' खाली हो आणि नाही. बाकीच्या भाषांतली भाबडी माणसं मदत करत बसली आणि आपल्याकडे चारशे बारा जण सोडून समस्त जनतेने 'नाही' दाबलं. सगळ्यांत आधी आईने. माझ्या घरात काय चाललंय ते त्यांना कशाला, असं म्हणून. तू पोट धरून हसला होतास.

म्हणजे तो आकडा कसा आला, हे तुमच्या त्या अख्ख्या इमारतीत एकट्या तुला ठाऊक आहे. आणि तू मूग गिळून सही केलीस. बढतीचं वर्ष होतं ना, उगाच तोंड उघडून गालबोट कशाला लावा. तुझा राग येत नाही, कीव येते, असं लिहिणार होते. पण ते खोटं आहे. राग येतो, चांगला सणसणीत येतो. हरकती घ्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे आणि खरं सांगायला तुला एक ओळ पुरेल.

आईची नजर अधू झाली आहे, हे तुला फोनवर ती सांगत नाही. माणूस दिसतं, अक्षर दिसत नाही. गिऱ्हाइकांची मापं मी संगणकात घालते. मग ती कापायला बसली की यंत्र तिला वाचून दाखवतं, छाती, कंबर, मुंढा, बाही, आपल्या भाषेत. ती ऐकते आणि कात्री चालवते. एकही कपडा अजून परत आलेला नाही. नव्या आवृत्तीत तो आवाजच नाही, आणि जुनी वर्षभरात बंद पाडणार असं तुझंच परिपत्रक सांगतं. ज्या मोठ्या भाषा उरणार, त्यांतले आकडे तिला कळत नाहीत. तेव्हा दुकान मिटवावं लागेल, हे माझ्याआधी तिच्याच लक्षात आलं.

खरं तर मी आपण होऊन तुला लिहिलंच नसतं. परवा आईला सगळं सांगितलं, तुझ्या सहीसकट. पाय थांबला. मला वाटलं, आता तुझा उद्धार होणार. पण तिने तो जुना प्रश्न पुन्हा पडद्यावर आणायला लावला, यंत्राकडून वाचून घेतला, आणि इतक्या वर्षांनी स्वतःच्या बोटाने 'हो' दाबलं. मग टेप गळ्यात घालून पुन्हा मशीनवर बसली आणि म्हणाली, "त्याला कळव, चारशे तेरा झाले. मला धरून मोज म्हणावं." म्हणून कळवते आहे.

तुझीच (हे नातं अजून निवृत्त केलेलं नाही),
ताई